कागदावरचा ळ

नाना कॉम्प्युटरवर बसण्याआधी साबणाने हात धुवायचे. कोपरापर्यंत, डॉक्टर धुतात तसे. मग खांद्यावरच्या पंच्याने कोरडे करायचे, खुर्ची दोनदा पुढेमागे सरकवायचे आणि बसायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसले. ते म्हणाले, "हस, हस. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचो त्या काळात घरी जाताना हात धुवायचो, शिसं पोटात जाऊ नये म्हणून. तेव्हा धुणं आपल्यासाठी होतं बेटा. आता हिच्यासाठी आहे."

ही म्हणजे मशीन. बऱ्हाणपुरात मशीन ही बाईच असते.

नारायण महाजन हे त्यांचं नाव, पण प्रेसमध्ये शेठजींपासून कागद कापणाऱ्यापर्यंत सगळे त्यांना नानाच म्हणत. शनवाऱ्याच्या मागच्या गल्लीत आमचा प्रेस होता. खाली छपाई आणि वर एका खोलीत एकच कॉम्प्युटर. खोलीत आम्ही दोघं. मी खंडव्याहून वर्षाचा कोर्स करून आलेली, चोवीस वर्षांची. नाना पन्नाशी ओलांडलेले, तीस वर्षं शिशाचे खिळे जुळवून झालेले. जुनी मशीन भंगारात गेली तेव्हा बाकीचे कंपोझिटर दुसऱ्या कामांना लागले. नाना एकटेच जिना चढून वर आले आणि मला म्हणाले, "मला शिकव. लवकर नाही जमणार, पण जमेल."

खरंच जमलं. सहा महिन्यांत ते माझ्याइतकंच काम करायला लागले. वेगात मी पुढे होते, पण त्यांच्या पानात चूक सापडायची नाही. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात, ती उलटीच वाचावी लागतात. त्या सवयीने नानांना टेबलाच्या पलीकडून, गिऱ्हाइकाच्या हातातला कागदही वाचता यायचा. माणूस अजून खिशातून चष्मा काढत असायचा आणि नाना सांगायचे, "तिसऱ्या ओळीत तारीख आणि वार जुळत नाही बघा."

त्यांनी मला मराठी शिकवलं, असं म्हटलं तर घरच्यांना राग येईल. घरी आम्ही मराठीच बोलायचो. पण माझी शाळा हिंदी. लिहिताना हात हिंदीत चालायचा. 'बुरहानपुर' असं मी लिहिलं की नाना खोडायचे आणि शेजारी हळूच लिहायचे, 'बऱ्हाणपूर'. आणि ळ. हा ळ तर माझ्या डोळ्याला दिसायचाच नाही. हिंदी वाचून वाचून डोळा ल वरच थांबायचा.

"आपल्याकडे तोंडातून ळ कधीच गेला," नाना म्हणायचे. "निंबोल्याला, आमच्या गावी, माझी आई केयी म्हणायची, केळी नाही म्हणायची. माझ्या तोंडात पण येतं कधी कधी. गेला तर गेला. पण कागदावरून जायला नको. कागदावरून गेला की गेलाच."

हे नुसतं बोलणं नव्हतं. एकदा एक तरुण मुलगा आजीच्या दहाव्याचं कार्ड छापायला आला. कागदावर त्याने लिहिलं होतं, कमलाबाई. नानांनी विचारलं, "आजीचं नाव कमला की कमळा?"

"एकच ना काका. क्या फर्क पडता है?"

"घरी जाऊन विचारून ये. बसलोय मी."

मुलगा कुरकुरत गेला. तासाभराने त्याच्याबरोबर त्याचे आजोबा आले, डोक्याचं मुंडण झालेले, काठी टेकत. जिना चढून वर आले. म्हणाले, "कमळा. मी तिला साठ वर्षं कमळाच म्हटलं. रेशनकार्डावर कमला झाली, मतदारयादीत कमला झाली. तुम्ही पहिलेच, ज्यांनी विचारलं." आणि तिथेच स्टुलावर बसून रडले. नानांनी त्यांना पाणी दिलं, मग हात धुतले आणि ते कार्ड स्वतः जुळवलं. मी बाजूला बसून लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात कापलेला गणपती चिकटवत होते. मला वाटलं, एका अक्षरासाठी म्हाताऱ्याला उन्हात चालवलं. तेव्हा मला तेवढंच वाटलं होतं.

आता मुख्य गोष्ट सांगते.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी फाईल उघडली की अक्षर एका ठरलेल्या फॉन्टमध्ये, ठरलेल्या आकारात यायचं. कंपनीने दिलेलं ते अक्षर इंग्रजी असायचं. दरवेळी बदलावं लागायचं. एक दिवस मी नानांना सांगितलं की हे कायमचं बदलता येतं. याला डिफॉल्ट म्हणतात.

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुम्ही काही सांगितलं नाही, तर मशीन जे आपणहून धरून चालते ते."

नानांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाले, "म्हणजे तिला आपली भाषा आधीच माहीत पाहिजे. विचारायला नको. तसं करता येतं?"

मी करून दाखवलं. एक मूळ स्टाईल असते. मथळा, उपमथळा, मजकूर, तळटीप, सगळ्या स्टाइली तिच्यावर बेतलेल्या. मूळ बदलली की सगळ्या बदलतात. आणि एक नियम मी त्यांना तीनदा सांगितला: डिफॉल्ट बदलताना कोणतीही फाईल उघडी नको. सगळं बंद असताना बदललं तर ते पुढच्या प्रत्येक नव्या फाईलला लागू होतं. एखादी फाईल उघडी राहिली तर बदल त्या फाईलमध्ये जातो आणि बाहेर काहीच होत नाही. नानांनी तो नियम वहीत लिहून घेतला. मग त्यांनी सांगितलेला मराठी फॉन्ट, त्यांनी सांगितलेला आकार, ओळींमध्ये त्यांनी सांगितलेलं अंतर मी घातलं. नवी फाईल उघडली आणि त्यांनी 'क' दाबला. मराठी क उमटला. नाना उभे राहिले आणि खिडकीतून खाली ओरडून शेठजींना म्हणाले, "शेठजी, अब ये मराठी में जागती है!"

शेठजींनी खालूनच विचारलं, "तो पहले सोती थी क्या?"

दोन वर्षं तसं चाललं. पण प्रेसचं काम बदलत गेलं. कोचिंग क्लासच्या नोट्स, शाळांचे पेपर, प्रचाराची पत्रकं, सगळं हिंदीत. मी दिवसाला दहा नव्या फायली उघडायची आणि दहादा नानांचं मराठी काढून हिंदी घालायची. मी म्हटलं, "नाना, आता हिंदी डिफॉल्ट करू या ना." ते म्हणायचे, "तुला दहा वेळा बदलावं लागतं, कळतं मला. पण ते एक राहू दे." मी आणखी दोनदा विचारलं. नंतर विचारणं सोडलं.

त्याच काळात दापोऱ्याचे पाटील गुरुजी त्यांचं हस्तलिखित घेऊन आले. निवृत्त शिक्षक, डोळे जवळजवळ गेलेले. केळीच्या बागेतले आणि कपाशीच्या शेतातले शब्द त्यांनी नोकरीभर गोळा केले होते. तापीकाठी कुठल्या कामाला, कुठल्या अवजाराला काय म्हणतात, त्याची अर्थांसह यादी. नाना ते पुस्तक आठ महिने जुळवत होते. दर रविवारी सायकलने दापोऱ्याला जायचे, प्रूफ वाचून दाखवायचे, गुरुजी डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच हात वर करायचे. शेवटचं प्रूफ घेऊन नाना गेले तो मात्र बुधवार होता. जाताना म्हणाले, "आज गुरुजी हो म्हणतील."

दुपारी एका क्लासचे पेपर आले. मी नवी फाईल उघडली, परत मराठी. मला चीड आली. मी ती फाईल बंद केली आणि डिफॉल्ट बदलायला गेले. मूळ स्टाईल उघडली, हिंदी फॉन्ट घातला, ओके केलं. नवी फाईल उघडली तर मराठीच. म्हटलं, लागलं नाही. मग सगळं बंद करायला गेले. पडद्यावर प्रश्न आला, सेव्ह करायचं का? मी 'हो' दाबलं. पुन्हा मूळ स्टाईल बदलली. या वेळी लागली.

सेव्ह करायचं का, हा प्रश्न कोणत्या फाईलबद्दल होता ते मी वाचलंच नाही. नानांनी जाताना पुस्तकाची फाईल बंद केली नव्हती, नुसती पडद्याच्या तळाशी सारली होती. जो नियम मी त्यांना तीनदा सांगितला, तो मीच पाळला नाही.

दोन्ही फॉन्ट एकाच कंपनीचे, दिसायला जवळपास सारखे, रुंदीही तीच. एकही पान हललं नाही. फक्त मराठी फॉन्टमध्ये ज्या कळीला ळ होता, त्या कळीला हिंदी फॉन्टमध्ये ल होता. पुस्तकातला प्रत्येक ळ, ल झाला.

दुसऱ्या दिवशी नानांनी नवी फाईल उघडली. पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हिंदीत उठली," म्हणाले. मी म्हटलं, "काम फार येऊन राहिलं, नाना." ते म्हणाले, "विचारायचं होतंस." एवढंच. मग गुरुजींचं प्रूफ माझ्या हातात दिलं. तीन पानांवर तीन बारीक दुरुस्त्या होत्या. त्यांना बँकेत जायचं होतं. मी म्हटलं, "मी करते आणि ट्रेसिंगही काढून ठेवते." मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

ट्रेसिंग पेपरवर निघालेलं पान थेट छपाईच्या प्लेटला जातं. नाना प्रत्येक पान उजेडाला धरून बघायचे. त्या दिवशी ते आले तेव्हा शेठजी घाई करत होते, इच्छापूरच्या जत्रेआधी पुस्तक हवं होतं. नानांनी विचारलं, "सगळं पाहिलंस?"

"पाहिलं, नाना."

मी ती तीन पानं पाहिली होती.

प्रकाशन इच्छापूरला, देवीच्या गडाखालच्या सभागृहात झालं. राज्याच्या हद्दीपलीकडून एक प्राध्यापक पाहुणे बोलावले होते. गुरुजींना नवा सदरा घातला होता. मी आणि नाना दुसऱ्या रांगेत. पाहुण्यांनी आधी बरंच चांगलं बोलून घेतलं. मग पुस्तक मधूनच उघडलं आणि वाचायला लागले. "मला. अर्थ, विहिरीच्या पाण्यावरची बाग." ते थांबले. पुढचं पान. "पाली. अर्थ, वखराची एक फेरी." मग हसून म्हणाले, "इकडे वखराला पाली जुंपतात असं दिसतं." लोक हसले. तिकडून आलेले जास्त हसले. "राज्यं वेगळी झाली तेव्हा तुमचा ळ बहुतेक आमच्याकडे राहिला."

गुरुजी इकडेतिकडे मान वळवत होते. "काय झालं? काय म्हणाले ते?" शेजारी बसलेला माणूस त्यांना सांगेना.

नानांनी पुढच्या रांगेतल्या माणसाच्या हातातून पुस्तक घेतलं. एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं. मग उभे राहिले. त्यांचा आवाज एरवी मोठा नसायचा.

"गुरुजींनी ळ बरोबर लिहिला होता," ते म्हणाले. "आठ महिने मी ऐकलाय तो. चूक छपाईची आहे. चूक माझी आहे."

मी त्यांच्या शेजारी बसले होते. माझ्या लक्षात आलं होतं. तो बुधवार, तो प्रश्न, ते 'हो'. सगळं एका क्षणात लक्षात आलं. मी मान खाली घालून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रेस उघडायच्या वेळेलाच पोचले. वर गेले, पुस्तकाची फाईल उघडली. पानभर ल. मूळ स्टाईल उघडली, नानांचा फॉन्ट परत घातला. क्षणात सगळे ळ परत आले, जागच्या जागी. सेव्ह केलं. फाईल बंद केली.

चूक चुकून झाली होती. हे मी जाणून केलं.

नाना आले. हात धुतले. फाईल उघडली. एक एक पान वाचत गेले. मळा. पाळी. खळं. केळ. सगळं बरोबर. ते पुन्हा पहिल्या पानावर गेले. मी पाठीमागे बसून कुठलंतरी प्रूफ वाचत होते, कुठलं ते आठवत नाही.

"माधुरी," ते म्हणाले.

"हं."

"त्या दिवशी तू डिफॉल्ट बदललंस. तेव्हा माझी फाईल उघडी तर नव्हती?"

"नाही, नाना. सगळं बंद करूनच बदललं."

दुसऱ्यांदा बदललं तेव्हा सगळं बंदच होतं. शब्द खरा होता. मी तो शब्द आधीच शोधून ठेवला होता.

त्यांनी मान हलवली. "मग माझ्याच हातून काही झालं. काय झालं ते कळत नाही, पण झालं." शेठजी वर आले आणि प्रेमानेच म्हणाले, "नानाजी, उम्र हो गई है. होता है." पुस्तक पुन्हा छापायला मात्र ते तयार झाले नाहीत.

त्या दिवसापासून नाना बदलले. माझ्यावर त्यांनी कधी संशय घेतला नाही, तो स्वतःवर घेतला. साधं लेटरहेड असलं तरी तीनदा प्रिंट काढायचे. मला हाक मारायचे, ओळीवर बोट ठेवायचे आणि विचारायचे, "हा ळ आहे ना? नीट बघ. मला ळ दिसतो, पण तू बघ." ज्या माणसाने मला ळ दाखवला, तो मला विचारत होता. मी म्हणायची, "हो नाना, ळच आहे." दर वेळी वाटायचं, आता सांगावं. दर वेळी वाटायचं, उद्या सांगू. नोकरी जाण्याची भीती होती, ते खरं. पण दुसरंही होतं. मी शिकवणारी होते. त्यांच्या वहीत माझा नियम लिहिलेला होता.

गुरुजींना चाळीस प्रती ओळखीच्यांना द्यायच्या होत्या. नानांनी त्या वर आणल्या. जेवणाच्या सुट्टीत ब्लेडने एक एक ल खरवडायचे आणि बारीक निबाने ळ लिहायचे. सगळे ळ शक्य नव्हते. अर्थांमधले सोडले, नुसते मूळ शब्द धरले. तरी एका प्रतीला आठ-दहा दिवस लागायचे. मी म्हटलं, "मी पण करते." आम्ही समोरासमोर बसून महिनोन्‌महिने ते केलं. माझा ळ नीट यायचा नाही, वाटाणे चिकटल्यासारखा दिसायचा. नाना माझं पान घेऊन बघायचे आणि म्हणायचे, "बरा आहे." एकदा म्हणाले, "चूक माझी आणि शिक्षा तू भोगून राहिली. असं कोण करतं आजकाल?"

मी उठून पाणी प्यायला गेले.

बावीस प्रती झाल्या आणि गुरुजी वारले. नाना अंत्यविधीला जाऊन आले. उरलेल्या प्रतींना त्यांनी हात लावला नाही. काही दिवसांनी त्यांनी शेठजींना सांगितलं, मला खाली बाइंडिंगला बसवा. वर्षभर कागदाच्या घड्या घालत बसले, मग तेही सोडलं आणि निंबोल्याला धाकट्या भावाकडे राहायला गेले. जाताना वर आले नाहीत. जिन्याखालून हाक मारली, "येतो गं बेटा," आणि मी जिन्यापर्यंत येईतो ते गल्लीच्या तोंडाशी पोचले होते.

सहा वर्षांनी मी निंबोल्याला गेले. तोवर माझं लग्न झालं होतं, मी प्रेस सोडून शाळेत कॉम्प्युटर शिकवत होते. बसमध्ये सगळा वेळ वाक्य जुळवत होते. नाना, मी खोटं बोलले. नाना, फाईल उघडी होती. कुठलं आधी म्हणायचं, ते ठरत नव्हतं.

नाना अंगणात बाजेवर बसले होते. फार वाळले होते. मला पाहिल्याबरोबर ओळखलं, हाताला धरून शेजारी बसवलं. त्यांच्या भावाची सून चहा घेऊन आली आणि तिथेच दाराला टेकून उभी राहिली. नाना प्रेसमधल्या एकेकाची चौकशी करत होते. मी उत्तरं देत होते, पण ते माझ्या ओठांकडे बघत होते, हे मला उशिरा कळलं. मग मी एका दमात बोलून टाकलं. "नाना, त्या दिवशी तुमची फाईल उघडी होती. चूक माझी होती. मी सकाळी येऊन फॉन्ट परत घातला, म्हणून तुम्हाला कळलं नाही."

बोलताना माझी मान खाली होती.

नानांनी कानामागे हात नेला. "काय म्हणालीस? वर बघून बोल. कान गेलेत दोन्ही."

सून पुढे आली. "ताई, मोठ्यानं बोला. ओरडूनच बोलावं लागतं त्यांच्याशी." शेजारच्या ओट्यावर दोन बाया शेंगा निवडत होत्या, त्यांनीही मान वर केली.

मी वर पाहिलं. नाना वाट बघत होते.

"तब्येत कशी आहे, विचारलं," मी ओरडून म्हणाले.

"अरे, चांगली! एकदम चांगली!" ते हसले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. सुनेकडे वळून म्हणाले, "प्रेसमधून ही एकटी आली बघ. दुसरं कोणी नाही आलं."

परतीच्या बसला ते रस्त्यापर्यंत सोडायला आले. सून नको म्हणत होती, तरी आले. बस थांबली तशी कंडक्टरला म्हणाले, "जागा दे रे हिला, बऱ्हाणपूरला जायची आहे." बस भरलेली होती. मी कशीबशी आत शिरले आणि मागच्या दाराजवळ अडकून उभी राहिले. तिथून वाकून पाहिलं तर नाना रस्त्याच्या कडेला उभे होते, एक हात कपाळावर उन्हासाठी धरलेला. दुसरा हात ते पुढच्या खिडकीकडे बघून हलवत होते. त्या खिडकीत कोणी अनोळखी बाई होती, मांडीवर पोर घेऊन बसलेली. तिने गोंधळून पाहिलं आणि मग तिनेही हात हलवला. बस सुटली. मी त्यांना हाक मारली नाही.